एका बादलीचे पाणी आणि चौदा खाटा

मागच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस माझ्या आत्याच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आणि तिच्या सोबतीला म्हणून मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, रुग्णालयाच्या स्त्री-कक्षात नऊ दिवस राहिले. रोज सकाळी सातच्या सुमारास सफाईच्या मावशी येत. त्यांच्याकडे एक खराटा, एक बादली आणि एक पोचा असे. आधी कोरडाच खराटा फिरे आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धूळ खाटांवर उतरताना स्पष्ट दिसे. मग बादलीत फिनाईल ओतले जाई आणि दाराजवळच्या पहिल्या खाटेपासून पुसायला सुरुवात होई. पाचव्या-सहाव्या खाटेपर्यंत पाणी गढूळ झालेले असे, चौदाव्या खाटेला ते चहाच्या रंगाचे होई आणि त्याच पोच्याने शेवटी स्वच्छतागृह पुसून तो ओलाच दाराआड उभा केला जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पोचा पुन्हा पहिल्या खाटेखाली. खाटेच्या कठड्याला, सलाईनच्या स्टँडला, पंख्याच्या बटणांना किंवा आत्याच्या उशाशी असलेल्या लोखंडी कपाटाला नऊ दिवसांत ओले फडके लागलेले मी पाहिले नाही. मधे पाणी का बदलत नाही, असे मी एकदा विचारले. मावशींनी हात न थांबवता उत्तर दिले, “ताई, नळले पानी येत नही, बादली कशी बदलू?”

या मावशींच्या कामात खोट काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. दोन मोठे कक्ष, जिना, बाह्यरुग्ण विभागाचा व्हरांडा आणि तीन स्वच्छतागृहे एवढे सगळे त्या एकट्या करत होत्या आणि कोणता द्रव किती पाण्यात घालायचा, हे त्यांना कोणी कधी शिकवलेले नव्हते. मला जे म्हणायचे आहे ते असे, की रुग्णालयातली सफाई हा उपचाराचाच भाग आहे आणि म्हणून औषधाला जी शिस्त लावतो, म्हणजे मात्रा, वेळ, प्रशिक्षित हात आणि लेखी नोंद, तीच शिस्त सफाईला लावली पाहिजे. आज आपण तिला इमारतीच्या देखभालीच्या खात्यात टाकले आहे. वीज, रंगकाम, पाण्याची टाकी आणि सफाई एका रांगेत बसवल्या गेल्या, तिथेच चुकीची सुरुवात झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संसर्ग प्रतिबंधावरचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७ जणांना, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना रुग्णालयातच एखादा नवा संसर्ग होतो आणि अशा बाधितांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. हे सगळे संसर्ग फरशीवरून येत नाहीत. न धुतलेले हात, नीट निर्जंतुक न झालेली उपकरणे, मूत्रनलिका आणि शिरेतल्या नळ्या यांचा वाटा मोठा आहे. परंतु त्या हातांवर जंतू येतात कुठून, हा प्रश्न आपण पुढे विचारत नाही. स्टॅफिलोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच काय, काही वेळा महिनोन्महिने जिवंत राहतात. परिचारिका हात धुऊन येते, सलाईनचा स्टँड सरकवते आणि मग जखमेची पट्टी सोडते. मधल्या त्या एका स्पर्शात तिचे हात धुणे वाया जाऊ शकते. ज्या खाटेवर आधी प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूचा रुग्ण होता, त्याच खाटेवर पुढे येणाऱ्या रुग्णाला तोच जंतू लागण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसून आले आहे. खाट रिकामी झाल्यावर चादर बदलली जाते. कठडा मात्र तसाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, की सफाई वाढवल्याने रुग्ण खरोखर वाचतात याला पुरावा काय. पुरावा आहे आणि तो अगदी साधा आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या एका रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन कक्ष निवडले आणि प्रत्येकात आलटून पालटून सहा महिने सोमवार ते शुक्रवार फक्त एक जादा सफाई कामगार दिला. ज्या जागांना सतत हात लागतो त्या साध्या डिटर्जंटने पुसणे, एवढेच तिचे काम होते. तेवढ्याने त्या पृष्ठभागांवरील जंतूंचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे नवे संसर्ग सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरणारी उपकरणे, म्हणजे रक्तदाबाचा पट्टा, सलाईनचा स्टँड, कमोडची खुर्ची, पुसण्यासाठी सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास जादा दिले गेले, तेव्हा रुग्णालयातले संसर्ग जवळपास एक तृतीयांशाने घटले. ना नवे यंत्र, ना नवे औषध. एक माणूस, तीन तास आणि कुठे पुसायचे याची समज, एवढ्यावर हे घडले.

सातपुड्याकडे पाहिले, की हा प्रश्न मला आणखी जवळचा वाटतो. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या भागातल्या पावरा आणि भिल्ल स्त्रियांनी घरी बाळंत होऊ नये, दवाखान्यात यावे, यासाठी २००५ सालापासून जननी सुरक्षा योजनेतून आर्थिक मदत दिली जाते आणि आशाताई पाड्यापाड्यावर जाऊन समजावतात. कित्येक पाड्यांवरून आजही गरोदर बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. हे सगळे योग्यच आहे, कारण रक्तस्राव झाला किंवा मूल अडले, तर घरी उपाय नसतो. पण शासन जेव्हा एखाद्या बाईला तिच्या सारवलेल्या घरातून उठवून आपल्या प्रसूतिकक्षात आणते, तेव्हा तो कक्ष तिच्या घराहून स्वच्छ असलाच पाहिजे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या होत्या, तर रस्त्यातच बाळंत होऊन येणाऱ्या बायकांना तो ज्वर कमी होत होता. मेच्या मध्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि जुलैपर्यंत मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आले. तो चुना म्हणजेच आपली ब्लीचिंग पावडर. भारतातही दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास झाला, तेव्हा जंतुदोष झालेल्या बाळांत ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू सर्वाधिक आढळला. बहुतेक बाळांना हा दोष जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच झालेला होता. ॲसिनेटोबॅक्टर हा रुग्णालयाच्या ओल्या कोपऱ्यांत आणि धुळीतही तग धरणारा जंतू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला, त्यामागेही ही जाणीव होती.

ब्लीचिंगचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खानदेशात त्याचे गणित पुण्या-मुंबईहून वेगळे आहे. रुग्णालयात रक्त सांडले, की त्यावर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप ब्लीच, टाकून दहा मिनिटे थांबायचे, असा आपल्याकडे सर्वसाधारण नियम आहे. बाजारातला कॅन बहुधा ५ टक्के तीव्रतेचा असतो, म्हणजे एका भागाला चार भाग पाणी घालायचे. आता हे द्रावण उष्णतेने आणि उजेडाने विघटित होते. तापमान दहा अंशांनी वाढले, की विघटनाचा वेग तीन ते चार पटींनी वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेल्या कॅनवर ५ टक्के लिहिलेले असले, तरी आत तेवढे क्लोरीन उरले आहे याची खात्री देता येत नाही. मावशी जरी काटेकोरपणे एकास चार मिसळत असल्या, तरी मधे उन्हाळा येतो आणि त्यांचे माप चुकवतो. ब्लीचिंग पावडरचे पोते उघडे राहिले आणि पावसाळ्याची दमट हवा लागली, तरी हेच होते. म्हणून आपल्याकडच्या रुग्णालयांना कॅन थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवणे, फेब्रुवारी ते जून या काळात थोडा थोडाच साठा मागवणे, द्रावण रोज ताजे करणे आणि क्लोरीन मोजण्याच्या कागदी पट्ट्यांनी ते तपासणे, हे बंधनकारक असले पाहिजे. औषधभांडारात लसीचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते, मग जंतुनाशकाच्या खोलीचे का लिहू नये?

दुसरी अडचण पाण्याची. हायपोक्लोराइट मळावर चालत नाही. रक्त, पू, माती, तेलकटपणा यांत त्याची शक्ती खर्ची पडते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणे, मग साध्या पाण्याने पुसणे आणि शेवटी जंतुनाशक, असा क्रम असतो. त्यासाठी तीन बादल्या लागतात आणि पाणी मळले की बदलावे लागते. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येते आणि टँकरच्या फेऱ्यांवर घरे चालतात, तिथे तीन बादल्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवून काहीच साधणार नाही. रुग्णालयाची टाकी किती लिटरची असावी, हे ठरवताना पिण्याचे पाणी आणि शौचालय यांचा हिशेब होतो, तसा सफाईच्या पाण्याचा स्वतंत्र हिशेब झाला पाहिजे आणि टंचाईच्या आराखड्यात रुग्णालयाचे नाव गावाच्या आधी आले पाहिजे. मावशींच्या त्या एका वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. ते उत्तर जिल्ह्याच्या पाणीनियोजनात शोधावे लागेल.

शिकवण्याच्या गोष्टी मात्र थोड्या आणि सोप्या आहेत. स्वच्छ जागेकडून घाणेरड्या जागेकडे जायचे, वरून खाली यायचे, स्वच्छतागृह शेवटी आणि त्याचा पोचा वेगळा. रुग्ण असलेल्या खोलीत कोरडा खराटा कधीही नको. फिनाईलच्या वासावरून जंतू मेले की नाही हे कळत नाही, हे आपण नातेवाइकांनीही मनावर घ्यायला हवे, कारण वास आला नाही तर ‘पुसलेच नाही’ म्हणून तक्रार करणारे आपणच असतो. आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. शौचालयाचे ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र केले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वच्छतागृहात हे मिश्रण करून खोकत बाहेर आलेली बाई मी पाहिली आहे. ‘जास्त पांढरं निघतं’ असे तिला कोणीतरी सांगितले होते.

जून २०२० मध्ये जळगावच्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. या घटनेने महाराष्ट्र हादरला आणि अधिकाऱ्यांचे निलंबनही झाले. त्या काळात माणसे किती कमी होती आणि भीती किती होती, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे कोणा एकावर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ते स्वच्छतागृह दिवसातून एकदा जरी कोणी उघडून धुतले असते, तर ती आजी पहिल्याच दिवशी सापडली असती, कदाचित जिवंतही. सफाईची फेरी ही रुग्णावर लक्ष ठेवण्याचीही फेरी असते, हे त्या घटनेने फार क्रूरपणे दाखवून दिले.

याच्या उलट, ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मृत्यूंचे प्रमाण वाढल्यावर तिथे पोहोचलेल्या एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. संताप समजण्यासारखा होता; तरीही त्या प्रसंगाने मला खिन्न केले, कारण त्यात शौचालय धुणे ही शिक्षा ठरली, मानहानी ठरली. ज्या समाजांच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, त्यांच्या लेकीसुना तेच काम त्याच इमारतीत रोज करत असतात आणि साहेबांना ते एकदा करावे लागले तर बातमी होते. जोवर झाडू म्हणजे अपमान हा संस्कार आपल्या मनातून जात नाही, तोवर सफाईला उपचाराचा दर्जा मिळणार नाही आणि ती कमीत कमी दराच्या कंत्राटातच राहील.

कंत्राटाबद्दल माझे म्हणणे असे, की कंत्राट असणे ही मूळ अडचण नाही. त्यात मोजले काय जाते, ही आहे. निविदेत इमारतीचे क्षेत्रफळ, माणसांची संख्या आणि दर एवढेच असेल, तर सगळ्यांत स्वस्त बोली जिंकते आणि कपात होते ती वेळेत आणि पाण्यात. त्याऐवजी प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू कक्ष, साधा कक्ष आणि व्हरांडा यांसाठी सफाईचे तास वेगवेगळे ठरवावेत, कारण व्हरांड्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रसूतीचे टेबल दोन बाळंतपणांच्या मधे धुऊन होत नाही. तपासणीही डोळ्यांनी करू नये. अतिनील दिव्याखालीच दिसणाऱ्या पारदर्शक द्रवाची खूण कठड्यावर, नळावर, बटणावर आदल्या दिवशी करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दिवा धरून ती पुसली गेली का पाहायचे, अशी एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत ती वापरली, तेव्हा आधी निम्म्याहून कमी जागा पुसल्या जात असल्याचे निघाले. निकाल सफाई कामगारांना दाखवून, समजावून दिल्यावर ते प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत गेले. तिथेही कोणाला कामावरून काढून हा बदल झाला नाही. हा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही भागण्यासारखा आहे.

‘नातेवाईकच घाण करतात’ हा आक्षेप मी नऊ दिवसांत पुष्कळदा ऐकला आणि त्यात तथ्य आहे. कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या असतात, खाटेखाली भाकरीचे गाठोडे असते, एका रुग्णामागे तिघे झोपतात. परंतु रात्री आत्याला कूस बदलून देणे, भांडे देणे, ते नेऊन धुणे ही कामे मीच करत होते, कारण चाळीसेक रुग्णांमागे रात्री एक परिचारिका होती. जो नातेवाईक रुग्णसेवेचे काम करतो, त्याला हात धुवायला साबण आणि वाहते पाणी मिळाले पाहिजे आणि बसायला-जेवायला कक्षाबाहेर जागा मिळाली पाहिजे. एवढे दिल्यावर मग पिचकारीसाठी दंड जरूर करावा.

पैशाचा आक्षेपही नेहमीचाच. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा काही दिवसांत पथके आली, शेड रिकाम्या झाल्या, धुतल्या गेल्या, जंतुनाशकाने फवारल्या गेल्या. यंत्रणेला भीती वाटली तर माणसे आणि रसायने दोन्ही मिळतात, हे खानदेशने पाहिलेले आहे. १५ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेने स्वच्छतेला गुण आणि बक्षीस देऊन कित्येक आरोग्य केंद्रांचा चेहरा बदलला, हेही मान्य केले पाहिजे. फक्त मूल्यांकनाचा दिवस ठाऊक असतो आणि बाकीचे दिवस कोणी मोजत नाही.

शेवटचा मुद्दा मावशींच्या अंगाचा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. कचऱ्यात सुई लागली, म्हणाल्या. हिपॅटायटिस ‘बी’ची बाधा असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला तो रोग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकणे बंधनकारक केले आहेच. शिवाय हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण करणे, ही जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. हिपॅटायटिस ‘बी’ची लस तीन मात्रांची असते आणि तिसरी मात्रा सहाव्या महिन्यात द्यावी लागते. मावशींनी एक टोचून घेतली होती. मग ठेकेदार बदलला, नवी यादी झाली आणि पुढच्या दोन मात्रांचे कोणी नाव काढले नाही. त्या मात्रांची नोंद ठेकेदाराच्या वहीत न राहता रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदवहीत, परिचारिकांच्या नावांखालोखाल, असायला हवी. तसे असते, तर सुई लागली त्या सकाळी अंगठ्याला चिंधी बांधून मावशी पुढच्या खाटेकडे गेल्या नसत्या. कोणीतरी त्यांना आधी हात धुवायला लावून अपघात विभागात नेले असते.